ह्यांना सुचत नाही

बँकेत कॅज्युअल लीव्ह असते, सिक लीव्ह असते, प्रिव्हिलेज लीव्ह असते. 'सुचत नाही' नावाची रजा मात्र आजवर एकाही वेतन करारात आलेली नाही, आणि युनियनने ती कधी मागितल्याचंही मला आठवत नाही. महिन्याच्या एक तारखेला काउंटरपुढे पेन्शनरांची रांग लागलेली असताना मी काचेतून शून्यात बघत "आज व्हाउचर सुचत नाहीये हो" असं म्हटलं, तर रांगेतले पहिले आजोबा थेट झोनल ऑफिसला तक्रार लिहितील. त्यांना ती लगेच सुचेल.

आमच्या घरात मात्र ही रजा चालते. बिनपगारी, पण अमर्याद. आमचे यजमान जलरंगातली निसर्गचित्रं काढतात. काढत असत, म्हणायला हवं.

नाशिकमध्ये जलरंगाचा चित्रकार असणं म्हणजे गोदाघाट काढणं. शिवाजी तुपे यांच्यासारख्या मोठ्या माणसांनी ही वाट घालून दिली आणि मागून येणाऱ्यांनी ती इतकी मळवली, की सकाळी सातला रामकुंडाच्या पायऱ्यांवर यजमानांपेक्षा बोर्ड मांडीवर घेतलेले चित्रकार जास्त दिसतात. (इथे यजमान म्हणजे पिंडदान करायला आलेले.) नारोशंकराचं देऊळ, पलीकडचा दुतोंड्या मारुती, वाळत घातलेली धोतरं, पाण्यातली सोनेरी तिरीप. आमच्या ह्यांनी हे सगळं वर्षानुवर्षं काढलं आणि चांगलं काढलं. धोतराचा पांढरा रंग म्हणजे न रंगवता सोडलेला कोरा कागद असतो, हे मला लग्नानंतर कळलं. तोवर मी समजत होते की चित्रकाराला पांढऱ्या रंगाची ट्यूब लागते. नाही लागत. नेमकं कुठे हात लावायचा नाही, ही जलरंगातली निम्मी विद्या आहे. ती घरातल्या स्वयंपाकघरालाही लागू व्हावी अशी माझी इच्छा होती, पण ते पुढे येईल.

सगळं बिनसलं ते एका बंगल्यावरून. गंगापूर रोडवर नवीन बंगला, दिवाणखान्यात लांबलचक भिंत आणि त्या भिंतीसाठी एक इंटिरियर डिझायनर बाई. घाट हवा, मोठा हवा, आणि पाणी "जरा टर्क्वॉइजकडे" हवं, कारण सोफा त्या रंगाचा होता. आता आमची गोदावरी पावसाळ्यात चहाच्या रंगाची असते आणि एरवी हिरवट. टर्क्वॉइज ती कुठल्याच ऋतूत होत नाही. पण आगाऊ रक्कम आली होती, ह्यांनी नदीचा रंग बदलला. मग निरोप आला, तो मारुती जरा जड वाटतोय, त्याच्या जागी पक्षी चालतील का? नाशिककर ज्या मारुतीच्या अंगावरून पुराची उंची मोजतात, त्याला ह्यांनी उचललं आणि तिथे बगळे बसवले. चेक वटला. (माझ्याच शाखेत. नोंद मीच केली.) आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हे बोर्डावर कागद ताणून बसले ते तसेच बसून राहिले.

चित्रकाराचं सुचणं थांबलं की तो रिकामा बसतो असा लोकांचा समज आहे. मला असा एक दिवस मिळाला असता तर मी सत्यनारायण घातला असता. चित्र काढणारा माणूस घरात जाणवतही नाही, कोपऱ्यात बसून पाणी गढूळ करत असतो. चित्र न काढणारा चित्रकार मात्र घरभर असतो. आधी त्याने सगळे ब्रश शांपूने धुतले. माझ्या शांपूने. मग ट्यूबा रंगचक्राच्या क्रमाने लावल्या, मग त्या कंपनीनुसार लावल्या, मग वाळलेल्या ट्यूबा कात्रीने उभ्या कापून आतला रंग खरवडून छोट्या वाट्यांत भरला. त्या वाट्या लोणच्याच्या होत्या. मग कागद बदलून बघू म्हणून पुण्याहून हातकागद आला, आणि तो इतका सुंदर निघाला की त्याच्यावर काही काढवेना. शेजारी पुनर्विकासात बारा मजली इमारत उभी राहतेय, तिने उत्तरेचा उजेड अडवला, असंही एकदा ठरलं. मी शांतपणे आठवण करून दिली की तुम्ही चित्रं घाटावर काढता, घरात नाही.

सासूबाईंना हा प्रकार समजतच नाही. आमचे सासरे भांडी बाजारातल्या दुकानांच्या पाट्या रंगवायचे. ट्रकचे मागचे फाळके, सायकलींचे नंबर, निवडणुकीच्या भिंती, लग्नाच्या मांडवावरचं 'सुस्वागतम'. "त्यांना कधी सुचलं नाही असं झालं नाही बाई," असं सासूबाई माझ्याकडे बघून पण मुलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात. "देशी दारूचे सरकारमान्य दुकान, यात सुचायचंय काय? र सरळ आला की झालं." फ्लेक्स आला तेव्हा सासऱ्यांचा धंदा बसला, पण हात बसला नाही. शेवटपर्यंत ते घरातल्या डब्यांवर पोहे, रवा, साबुदाणा असं सावली दिलेल्या अक्षरांत लिहीत राहिले. रवा संपून त्यात मैदा आला तरी त्या अक्षरावर दुसरी चिठ्ठी चिकटवायला माझा धीर होत नाही.

तर ह्यांनी मातीला हात घातला. जुन्या नाशकातल्या कुंभारवाड्यात जाऊन बसायला लागले. तिथल्या म्हाताऱ्या कुंभाराने पहिल्याच दिवशी सांगितलं, "साहेब, माती ऐकते, पण आधी तुम्ही गप बसा." हे वाक्य मी फ्रेम करून लावणार होते. पुढे चाक घरी आलं. माती चाकाच्या मध्यावर बसवणं हीच त्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट, ती नीट बसली नाही की भांडं वर येता येता डगमगतं आणि एका अंगाला झुकतं. आमच्याकडे सगळीच झुकली. झुकलेले पेले, झुकलेले सट, दुपारी जेवून कलंडल्यागत दिसणारी एक सुरई. बाल्कनी भरली, मग जिना, मग देवघराच्या बाजूचा कोनाडा. पुराच्या दिवसांत नाशिककर एकमेकांना 'कुठवर आलं?' विचारतात तसं मी बँकेतून आल्यावर सासूबाईंना विचारायचे, आणि त्या सांगायच्या, "मारुतीच्या छातीपर्यंत."

मधल्या काळात हायकूही होऊन गेली. शिरीष पै यांनी हा जपानी प्रकार मराठीत रुजवला, तेव्हा त्यांच्या मनात आमच्या ह्यांच्यासारखा माणूस नसणार. तरी एक सांगते, घरातल्या माणसाला कविता व्हायचीच असेल तर हायकू व्हावी. तीन ओळींत आटपते. ह्यांची मला अजून पाठ असलेली एक अशी: 'चाकावर माती / बायको बँकेत / कुकरची चौथी शिट्टी'. ही ऐकवायला ह्यांनी मला बँकेत फोन केला. मी म्हटलं, "हायकू छान आहे, पण अहो, गॅस बंद करा."

याच सुमारास नातेवाइकांना सुगावा लागला, की हे मोकळे आहेत. डॉक्टरांना रजेवर असताना कोणी अपेंडिक्स काढायला सांगत नाही, पण चित्र न काढणारा चित्रकार म्हणजे सगळ्या गोताच्या मालकीचा. सोसायटीच्या गणपतीचं मखर आलं. मावसनणंदेच्या मुलीच्या लग्नाचं रुखवत आलं. त्यात सुपारीचे भटजी, खोबऱ्याची तुळशीवृंदावनं आणि शेंगदाण्यांची बैलगाडी होती. भाच्याची एलिमेंटरीची परीक्षा होती, त्याला स्मरणचित्र शिकवायचं होतं. विषय होता 'भाजी बाजार'. भाचा म्हणाला, "मामा, मी एकदाच गेलोय, आणि तेव्हा मोबाइल बघत होतो." ह्यांनी त्याला प्रत्यक्ष घाटावरच्या बाजारात नेलं, दोघांनी तिथे बसून चार भुट्टे खाल्ले आणि कागद कोरा घेऊन आले. परीक्षेत त्याला 'अ' श्रेणी मिळाली. हे म्हणाले, "बघ, चित्र न काढता आलं." मला हे तत्त्वज्ञान पटलं नाही, पण भाच्याच्या आईने पेढे पाठवले.

आजार बरा होणारा आहे की नाही, हे बघायला मी शेवटी वाचायला बसले. कर्जाच्या फाइलीत मागचा इतिहास तपासतात, तसा. आणि मग कळलं की ही साथ जुनी आहे.

लिओनार्दो दा विंचीचंच घ्या. 1501 साली मांटुआच्या इझाबेला देस्ते या सरदारीणबाईंना त्याच्याकडून चित्र हवं होतं. त्यांनी फ्लॉरेन्समधल्या एका साधूमार्फत चौकशी केली. साधूने कळवलं की हा गृहस्थ सध्या भूमितीत गुंग आहे आणि ब्रश समोर दिसला तरी वैतागतो. बाईंनी पुढेही चिकाटी सोडली नाही, तरी रंगवलेलं चित्र त्यांच्या हाती काही आलं नाही. मला त्या साधूची दया येते. वसुलीला गेलेल्या आमच्या क्लार्कचे अहवाल याच सुरात असतात.

अमेरिकेतले सॅम्युएल मॉर्स पेशाने चित्रकार होते, हे मला बँकेत पंचवीस वर्षं तारांचे पत्ते वाचूनही माहीत नव्हतं. 1837 मध्ये वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलसाठीच्या भव्य चित्राचं काम त्यांना नाकारलं गेलं आणि ते ब्रश सोडून तारायंत्रामागे लागले. त्यांचं सुरुवातीचं यंत्र कशावर उभं केलेलं होतं? कॅनव्हास ताणायच्या लाकडी चौकटीवर. घरात पडली होती, वापरली. ही गोष्ट वाचून मी ह्यांच्या चौकटी उचलून माळ्यावर टाकल्या. घरात जगाला उपयोगी पडणारं काही सुरू झालं, तर आवरणार कोण?

पिकासोने 1935 च्या सुमारास संसार मोडकळीला आल्यावर बराच काळ चित्र सोडून कविता लिहिल्या. त्याही बहुतांशी विरामचिन्हांशिवाय. म्हणजे तिथे हायकूसारखी तिसऱ्या ओळीला सुटका नव्हती. पण माझी खरी गाठ पडली ती मार्सेल द्युशाँच्या बायकोशी. द्युशाँने ऐन उमेदीत रंगकाम जवळपास सोडलं आणि तो बुद्धिबळात बुडाला. इतका, की फ्रान्सकडून ऑलिंपियाड खेळला. 1927 मध्ये त्याने लग्न केलं आणि मधुचंद्राच्या दिवसांतही रात्र रात्र डाव मांडून बसू लागला. त्याचा मित्र मॅन रे याने सांगून ठेवलंय, की एका रात्री द्युशाँ झोपलेला असताना बायकोने उठून सगळे मोहरे पटाला डिंकाने चिकटवून टाकले. काही महिन्यांत घटस्फोट झाला. फ्रेंच लोक या प्रसंगाला विनोद म्हणतात. मी तो वाचून झाल्यावर बराच वेळ कुंभाराच्या चाकाकडे बघत होते. डिंक घरात होता. मखरातून उरलेला.

आणि मग आपले दादासाहेब फाळके. जन्माने त्र्यंबकेश्वरचे, म्हणजे आमचेच. मुंबईच्या जे. जे. मध्ये चित्रकला शिकले, बडोद्याच्या कलाभवनात आणखी शिकले. तिथून छायाचित्रण, नाटकांचे पडदे, जादूचे प्रयोग, पुरातत्त्व खात्यातली नोकरी, ब्लॉक करणं, छापखाना. एकेक धरलं आणि सोडलं. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, तिथे शाळेच्या सहली जातात आणि मुलांना सांगतात की जिद्द ठेवा. 1910 च्या आसपासची, म्हणजे छापखान्याच्या भागीदारांशी फाटल्यानंतरची त्यांची फाइल माझ्या टेबलावर आली असती, तर मी काय शेरा मारला असता हे मला पक्कं माहीत आहे. वय चाळिशीचं, व्यवसाय वारंवार बदललेले, सध्या उत्पन्न नाही, सिनेमा बघतात. तरी माणसाने भांडवल उभं केलंच. विमा पॉलिसी गहाण टाकली, आणि कुंडीत वाटाणा पेरून तो उगवताना रोज थोडी थोडी फिल्म घेऊन पडद्यावर बघता बघता झाड झालेलं दाखवलं. प्रकल्प अहवाल म्हणून वाटाणा! आमच्या काळात सीए लागतो.

पण स्मारकात मुलांना त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंबद्दल कोणी फारसं सांगत नाही. विलायतेहून येणाऱ्या कच्च्या फिल्मच्या कडांना भोकं नसायची. ती अंधारात बसून पाडायचं काम त्यांचं. फिल्म धुणं त्यांचं. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांचा. शूटिंग चालू असताना उन्हात पांढरी चादर ताणून धरायची, म्हणजे उजेड पात्रांच्या तोंडावर पडतो, तेही त्यांनीच. दागिने तर आधीच गेलेले. 3 मे 1913 ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला आणि भारतीय सिनेमा जन्माला आला. फाळके निमूट निसर्गचित्रं काढत राहिले असते, तर या बाईला रात्री झोप मिळाली असती. देशाचं नुकसान झालं असतं, हे मान्य. मी फक्त दोन्ही बाजू लिहिते, खतावणीची सवय आहे.

एवढा अभ्यास झाल्यावर मी एका रात्री सरळ विचारलं, "अहो, तुम्हाला घाट नाही सुचत, मग हे वाकडे पेले कसे सुचतात?"

हे चाकावरून न उठता म्हणाले, "अगं, सुचत नाहीच. पण हे चांगले व्हावेत असं कोणाला वाटतच नाही ना. तुला वाटतं का?"

मी प्रामाणिकपणे नाही म्हटलं.

"मग झालं तर. घाट काढायला बसलो की माझ्या मागे ते सगळे उभे राहतात. ज्यांनी घेतलेत ते, ज्यांना हवेत ते, आर्ट स्कूलचे सर, आणि ती सोफावाली. इथे कोण आहे? मी आणि हा चिखल. चार दिवसांचा नवशिका आहे मी, मला सगळं माफ."

माझ्या निवृत्तीला थोडाच काळ उरलाय. नवशिकं होण्यात काय मजा असते, ते मी विसरले आहे. बँकेत शेवटची नवशिकी मी कोअर बँकिंग आलं तेव्हा होते आणि त्यात काडीची मजा नव्हती. तरी ह्यांचं म्हणणं मला कळलं, आणि पटलं म्हणून मी जास्तच चिडले. डिंक मात्र परत कपाटात ठेवला.

एवढ्यावर निभावलं असतं. पण दिवाळीच्या आधी त्याच इंटिरियर डिझायनर बाई घरी आल्या. सोफा बदलला होता, आता करडा, तेव्हा नदी करडी करून मिळेल का विचारायला. जिन्यात त्यांना आमचा पूर दिसला. एक झुकलेला सट दोन्ही हातांत धरून त्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. किती रस्टिक, किती ऑनेस्ट, ही झुकण्याची पद्धत मुद्दामची आहे ना? ह्यांनी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "हो, घराण्यातच आहे." आगाऊ रक्कम मिळाली. चोवीस पेले, एका उपाहारगृहासाठी, सगळे डावीकडे, आणि सगळे सारखेच झुकलेले.

मी इतकी आनंदले की संध्याकाळी श्रीखंड आणलं. हे जेवताना गप्प होते. दुसऱ्या दिवशी मातीवर ओलं फडकं तसंच पडलेलं. तिसऱ्या दिवशी चाकाची साफसफाई निघाली, माझ्या टूथब्रशने. चौथ्या दिवशी मी विचारलं, तर म्हणाले, "डावीकडे झुकतच नाहीये गं. बसवायला गेलो की सरळ येतंय." आणि खरंच, फळीवर सहा पेले ठेवले होते. ताठ, गोल, निर्दोष, बाजारात तीस रुपयांना मिळतात तसे. ऑर्डर आल्याबरोबर ह्यांना मडकी यायला लागली होती आणि सुचायचं थांबलं होतं.

उपाहारगृहाचं मी निस्तरलं. कुंभारवाड्यातल्या त्या म्हाताऱ्याकडे गेले आणि चोवीस वाकडे पेले करून मागितले. त्याने जन्मात असं काम केलं नव्हतं. नातवाला चाकावर बसवलं आणि तासाभरात काम झालं.

सध्या आमच्याकडे सिनेमा चालू आहे. मोबाइलवर काढायचा, दहा मिनिटांचा, घाटावरच्या एका दिवसाचा. त्यात संवाद नाहीत, पक्षी नाहीत, आणि पाण्याला आहे तोच रंग राहणार आहे, एवढं ठरलंय. भाचा संकलन करणार आहे. सासूबाईंना वाणाची सुपं घेतलेल्या बाईचं काम आहे, त्या रोज नऊवारी नेसून आरशापुढे बघून घेतात. पहिला दिवस येत्या दुसऱ्या शनिवारी, कारण बँकेला सुट्टी असते. पहाटे पाचला निघायचंय. सातचं ऊन नारोशंकराच्या बाजूने तिरकं येतं, चेहरे अंधारात जातात, तेव्हा समोरून कोणीतरी चादर धरायला हवी. कोणी, ते मला सांगावं लागलं नाही.

काल कपाटातून चादर काढली, तर पांढऱ्या सगळ्या धुवायला गेलेल्या. मी म्हटलं, ही फिकट फुलाफुलांची चालेल. हे विचारात पडले. सासूबाई आतून ओरडल्या, "फुलांची नको गं, माझ्या तोंडावर उजेड फुलाफुलांचा पडेल."